साळिंदरांचा झरा

माणसांनी विहिरी खोदल्या त्याच्याही आधी एका जंगलात पोटाची साथ आली. हरणं, सांबरं, रानडुकरं पटापट मरू लागली. साळिंदरं तेवढी धडधाकट होती.

"मग हे त्यांचंच काम," कळपाचा म्होरक्या सांबर म्हणाला. सगळ्यांनी साळिंदरांच्या बिळाला वेढा घातला.

त्या गर्दीत एक हरिणी होती. आजाऱ्याला मोठ्या तळ्यावर नेऊन पाणी पाजायचं, असा तिथला रिवाज होता. तिनं पाडसाला रोज नेलं, पण ते जास्तच खंगत गेलं. ती पुढे झाली आणि बिळाच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्या साळिंदरीला तिनं विचारलं, "तुम्ही खाता काय?"

"तुम्ही खाता तेच. पडलेली फळं, झाडाची साल."

"आणि पाणी?"

"आमच्या काट्यांनी पाणी बाटतं म्हणून तळं आम्हाला तुम्हीच बंद केलंत. आम्ही या बिळामागच्या खडकाआडच्या झऱ्यावर पितो."

हरिणी वळून म्होरक्याकडे बघत राहिली.

"तळ्याला नावं ठेवू नकोस," त्यानं शिंगं रोखली. "आमचे वाडवडील तिथंच प्यायले."

ती पाडसाला घेऊन झऱ्यावर गेली. वेढा तसाच राहिला. काही दिवसांनी पाडस चरू लागलं, आणि त्याच सुमाराला म्होरक्याचं पिल्लू कोसळलं.

पिल्लाला कसंबसं चालवत तो झऱ्याशी आला आणि थबकला. परवानगी कशी मागतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

झऱ्याकाठी बसलेली म्हातारी बाजूला सरकली. "आधी लेकराला पाजा," ती म्हणाली.