चोथ्याची वडी

एका डोंगराच्या कुशीत चिंचदुर्ग नावाचे एक राज्य होते. राज्य इतके लहान होते, की तिथला राजा शिंकला तर शेजारचा राजा दचकत असे. पण राज्य लहान म्हणून कारभार लहान नसतो. चिंचदुर्गात ओढा एक होता आणि ओढ्यावर अधिकारी तीन होते.

राजाचे नाव भद्रसेन. मनाने चांगला, पण भारी विसराळू. एकदा त्याने एकाच सरदाराला एकाच सकाळी दोनदा पगडी बहाल केली. सरदाराने अर्थातच आठवण करून दिली नाही. तेव्हा राजवैद्यांनी सांगितले, "महाराजांनी रोज सकाळी पेलाभर बदामाचे दूध घ्यावे."

त्या दिवसापासून मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, बदामाचे दूध निघू लागले. ते काम सुंद्राकडे आले. भिजवलेले बदाम ती सोलायची, पाट्यावर गंधासारखे मऊ वाटायची, पाण्यात कालवायची आणि मलमलीच्या फडक्यातून पिळून काढायची. वीस वर्षे ती त्या पाट्यावर बसत होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि पदरात दोन लहान मुली होत्या. राजवाड्यातून मिळणाऱ्या रोजच्या शिध्यावर चार तोंडे जगत होती. गर्व करावा असे तिच्याकडे फारसे काही नव्हते. एकच गोष्ट होती. वीस वर्षांत तिच्या हातून थेंब सांडला नव्हता.

दूध महाराजांकडे जाई. फडक्यात चोथा उरे. या चोथ्याबद्दल मुदपाकखान्याचे प्रमुख अंताजीपंत यांचा कडक नियम होता. राजाच्या पेयातले काहीही रयतेच्या तोंडी जाता कामा नये. म्हणून चोथा रोज ओढ्यात टाकला जाई, आणि तो नीट टाकला जातो की नाही हे पाहायला एक भालदार सोबत जाई. ओढ्यातले मासे हळूहळू दरबाऱ्यांसारखे दिसू लागले होते.

सुंद्राचा जीव तुटे. एक दिवस तिने चिमूटभर चोथा जिभेवर ठेवला. गोड! अजून चांगला गोड! ती तशीच पंतांपुढे जाऊन उभी राहिली.

"पंत, या चोथ्याचं काहीतरी करून बघू का?"

"सुंद्रे, चोथा म्हणजे काय? सत्त्व निघून गेल्यावर उरतो तो. त्याची जागा ओढ्यात."

"सत्त्वच गेलं म्हणता, मग त्याच्याबरोबर भाला कशाला?"

पंतांनी थोडा विचार केला. उत्तर सापडेना, म्हणून ते रागावले.

"पुन्हा असलं विचारलंस तर पाटा उचलून दुसरीला देईन!"

सुंद्रा परत पाट्यावर येऊन बसली.

पुढे महाराजांचा वाढदिवस आला. शेजारचा राजा पाहुणा म्हणून येणार होता. पंगतीतल्या प्रत्येकाला आधी बदामाचे दूध आणि शेवटी बासुंदी, असा बेत ठरला. सुंद्राने आणि तिच्या हाताखालच्या ठकीने पहाटेपासून बदाम वाटले. दुधाचे हंडे भरले. चोथ्याची परात तर शिगोशीग भरली.

पंगत बसली. आणि तेवढ्यात बासुंदी नासली!

मुदपाकखान्यात एकच हलकल्लोळ उडाला. आचारी एकमेकांवर ओरडू लागले. कोणी म्हणाला कढईच वाईट, कोणी म्हणाला मुहूर्तच वाईट. बाहेर पाहुणे भातावर आले होते. पंत कपाळावरचा घाम पुसत इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होते.

"गोड काय वाढू? शेजारच्या राजाच्या पानात मी गोड काय वाढू?"

"पंत," सुंद्रा म्हणाली, "परातभर चोथा आहे."

"चोथा?" पंत किंचाळले. मग त्यांनी बाहेर पाहिले. पाहुणे ताकाच्या वाटीकडे हात नेत होते. "कर! काय करायचं ते कर! आणि लवकर कर!"

मग सुंद्राला पंख फुटले. "ठके, तूप! मोठी कढई! जाळ कमी ठेव गं, करपलं तर मेलो!" तिने चोथा तुपावर परतायला घेतला. आधी तो ओला, गोळा गोळा. मग मोकळा झाला. मग रवाळ झाला. मग असा काही खमंग वास सुटला, की भांडणारे आचारी भांडण विसरून कढईभोवती गोळा झाले. दुसऱ्या चुलीवर साखरेचा पाक उकळत होता. "तार आली का बघ!" "आली, आली!" "ओत!" पाक पडला, वेलची पडली, केशराच्या चार काड्या पडल्या. सुंद्राने तो गोळा तूप लावलेल्या ताटांत थापला, सुरीने सरासरा रेघा मारल्या आणि ओरडली, "न्या! गरम आहेत, पण न्या!"

वाढपी धावले.

सुंद्रा आणि ठकी दाराच्या फटीतून पाहू लागल्या. शेजारच्या राजाने वडी तोंडात टाकली. त्याचे डोळे मिटले. ते उघडले तेव्हा त्याचा हात दुसऱ्या वडीवर होता. भद्रसेन महाराजांनी तर चौथी मागितली.

"पंत! ही कशाची वडी?"

ठकीने सुंद्राला चिमटा काढला.

"बदामाची, महाराज," पंत कमरेत वाकून म्हणाले. "सेवकाची खास पाककृती."

महाराजांनी तिथल्या तिथे पंतांना शाल पांघरली. आणि हुकूम सोडला, की उद्यापासून रोज दरबारातल्या साठही मानकऱ्यांना ही वडी मिळावी.

पंत आत आले ते शाल सावरतच. त्यांनी सुंद्राला कोपऱ्यात घेतले.

"हे बघ. 'चोथा' हा शब्द तोंडातून काढलास तर तुझा पाटा गेला आणि माझी मानही. राजाला चोथा खाऊ घातला, तोही पाहुण्यांदेखत! कळलं?" आणि आवाज मऊ करून म्हणाले, "तुला एक लुगडं देतो."

लुगडे जरीकाठी होते. सुंद्रा गप्प बसली.

आता रोज साठ मानकऱ्यांना वडी हवी. पण महाराज दूध पिणार एक पेला. पेलाभर दुधाचा चोथा तो किती? मूठभर. पंतांपुढे मोठा पेच पडला. सुंद्रा म्हणाली, "पंत, अख्ख्या बदामाची करू या की वडी." एक दिवस तशी केलीही. महाराज म्हणाले, "आज तेलकट लागते. कालची हवी."

तेव्हा पंतांनी मार्ग काढला. असा मार्ग काढायला बरीच वर्षे नोकरी करावी लागते. त्यांनी आज्ञा केली, "बदाम हंडाभर वाटा. दूध पिळून काढा. चोथा वडीला घ्या."

"आणि दूध?" सुंद्राने विचारले.

"ओढ्यात ओता."

"पंत!"

"पंत काय? राजाचं पेय रयतेला देता येत नाही. आणि साठवलं तर कोणीतरी विचारेल, एवढं दूध काढलं कशाला? ओता!"

आणि मग रोज हंडेच्या हंडे दूध ओढ्यात जाऊ लागले. त्या दुधासोबत आता दोन भालदार जात. ओढा पांढरा झाला. ओढ्यावरच्या तिन्ही अधिकाऱ्यांनी पाहिले आणि पाणी गढूळ आहे असे कळवले.

ठकी म्हणायची, "अगं सुंद्राक्का, आपण दूध काढून चोथा फेकत होतो तेव्हा येडे होतो. आता चोथा काढून दूध फेकतो, तर शहाणे झालो म्हणायचं का?"

नवे लुगडे सुंद्रा नेसत नसे. पाट्यावर मात्र रोज बसे आणि डोळ्यांदेखत आपले काम ओढ्याला जाताना पाही.

असा महिना गेला. बदामाची शेवटची दोन पोती उरली. त्या दिवशी मुदपाकखान्यात फार घाई होती. सणाचा दिवस, जास्तीच्या वड्या. "ओता! ओता! हंडा रिकामा करा!" पंत ओरडत होते. भालदारांनी समोर दिसेल ते भांडे उचलले आणि ओढ्यात पालथे केले. त्यात महाराजांचा चांदीचा पेलाही पालथा झाला.

राजवैद्यांचा सल्ला खरा होता. दुधाने गुण आला होता. पूर्वी महाराज दूध प्यायचेच विसरत. आता त्यांना आठवत होते.

"आमचे दूध कुठे आहे?" महाराजांनी भरदरबारात विचारले.

पंतांना बोलावणे आले. पंतांनी सुंद्राला ओढतच बरोबर नेले. चालता चालता ते तिच्या कानाशी कुजबुजले, "तुझ्या हातून सांडलं म्हण. आठ दिवस घरी बसवतील, मी शिधा पोचवीन. दुसरं काही बोललीस तर जन्मभर घरी बसशील."

सौदा काही वाईट नव्हता. सुंद्राच्या डोळ्यांपुढे घरातली चार तोंडे आली. तिने मान हलवली.

दरबारात साठ मानकरी बसले होते. प्रत्येकाच्या हातात वडी होती.

"महाराज," पंत हात जोडून म्हणाले, "या बाईच्या हातून पेला सांडला. धांदरट आहे. वीस वर्षं सांभाळून घेतोय."

"खरे का, बाई?" महाराजांनी विचारले.

सुंद्राने 'हो' म्हणायला तोंड उघडले. धांदरट! वीस वर्षं! तिच्या कानशिलांत रक्त उसळले.

"नाही, महाराज!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की तिचे तिलाच आश्चर्य वाटले. "माझ्या हातून आजवर थेंब सांडलेला नाही. पेला ओतलाय. ओढ्यात. आणि एकटा पेला नाही, रोज चार हंडे ओततात! कारण तुम्हाला वडी हवी, आणि वडी चोथ्याची होते!"

वड्या तोंडाशी नेणारे मानकऱ्यांचे हात मधेच थांबले.

"चोथ्याची?" महाराजांनी हातातल्या वडीकडे पाहिले. "म्हणजे महिनाभर आम्ही..."

"होय महाराज. दूध पिळल्यावर फडक्यात उरतो तो. वाढदिवसाला मीच केली होती पहिली."

मग मात्र गलबला उसळला. एका मानकऱ्याला उमासे येऊ लागले. दुसरा म्हणाला, मला पहिल्याच दिवशी संशय आला होता. त्याच्या मांडीवर पाच वड्या होत्या. पंतांनी डोळे मिटले आणि मानेवरून एकदा हात फिरवून घेतला.

महाराजांनी हात वर केला. गलबला थांबला. महाराजांनी वडीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"कालच्याइतकीच गोड आहे," महाराज म्हणाले. "आणि बाई, आम्हाला चोथा खाऊ घातल्याचा राग नाही. इतका चांगला चोथा इतकी वर्षे ओढ्याला घातला, याचा राग आहे. त्याहून मोठा राग त्या दुधाचा. पण तू हे महिनाभर का सांगितले नाहीस?"

"भीती वाटली, महाराज." सुंद्राने खाली पाहिले. "आणि लुगडं छान होतं."

महाराज हसले. मग सगळा दरबार हसला, कारण महाराज हसले होते.

महाराजांनी निवाडा दिला. आधी दूध. तेही लागेल तेवढेच. दुधामागे जो चोथा उरेल त्याची वडी. दिवसाला पाच झाल्या तर पाच. मानकऱ्यांना त्या पाळीपाळीने मिळतील, आणि पहिली पाळी बदाम वाटणाऱ्या बायकांची. मुदपाकखान्याचा कारभार आजपासून सुंद्राकडे. पंतांची मान मानेच्या जागी राहील, मात्र पंत एक महिना पाट्यावर बसतील.

"आणि तूही गप्प राहिलीस, त्याची शिक्षा तुला हवी," महाराज सुंद्राला म्हणाले. "पंतांना वाटायला तू शिकवायचेस."

पहिल्या दिवशी सुंद्राला वाटले, जास्त शिक्षा आपल्यालाच झाली. पंतांनी बदाम सोलताना निम्मे उडवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळव्यांना फोड आले. तिसऱ्या दिवशी ते आपला अधिकार विसरून घामाघूम होऊन वाटत राहिले, पिळत राहिले, आणि अखेर एक पेला भरला. पांढराशुभ्र, काठोकाठ. पंत त्याच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी तो कोणाच्या हाती दिला नाही. दोन्ही हातांत धरून ते स्वतः महाराजांकडे निघाले, एकेक पाऊल जपून टाकत. आणि वाटेत जो भेटेल त्याला, भालदार असो की सरदार, जीव तोडून ओरडून सांगत होते, "बाजूला व्हा! बाजूला व्हा! सांडेल!"

तात्पर्य: उरलेल्याचा उपयोग करणे हे शहाणपण, पण त्या उपयोगासाठी मूळ वस्तूच फेकून देणे हा मूर्खपणा. आणि तो डोळ्यांनी पाहून गप्प बसणारा त्यात अर्धा वाटेकरी असतो. ज्याला स्वतः कष्ट करून एक पेला भरावा लागतो, तो पुन्हा थेंबही वाया जाऊ देत नाही.