शेगडीपाशी लागलेली समाधी

"मग ती समाधी नव्हती तर काय होतं, महाराज?"

त्र्यंबकानं विचारलं आणि लगेच कपाळ दाबून धरलं. डोकं ठणकत होतं. मठाच्या ओसरीवर, डोंगरावरच्या बोचऱ्या वाऱ्यात, त्याला पहाटेपासून बसवून ठेवलं होतं. याचा त्याला मनस्वी राग आला होता.

"श्वास घे," धोंडगिरी महाराज म्हणाले.

"कोणता प्राणायाम करू?"

"म्हैस करते तो."

थंडी फार म्हणून त्र्यंबकानं आदल्या रात्री दारं-खिडक्या घट्ट लावल्या, कोळशाची शेगडी पेटवली आणि ध्यानाला बसला. आधी अंग हलकं झालं. मग मीपणच गेलं. पहाटे हाकेला ओ येईना, तेव्हा महाराजांनी दार फोडून त्याला फरफटत बाहेर काढलं. त्याचा लालबुंद चेहरा तपाचं तेज समजून दोघा गुरुबंधूंनी हातच जोडले. आता त्यांनाही शेगड्या हव्या होत्या.

"कोंडलेल्या खोलीत कोळशाचा एक वायू साठतो," महाराज म्हणाले. "ना वास, ना रंग. छातीतून रक्तात शिरतो. आणि रक्त वेडं, प्राणवायूला सोडून त्यालाच घट्ट धरून बसतं. मग प्राणवायू येतो नि जागा नाही म्हणून परत जातो."

"मग एखादा काढा द्या."

"काढ्यानं नाही जात. आला तसा श्वासावाटेच जातो. मोकळ्या हवेत थोडा थोडा, रेंगाळत. खालून दवाखान्याची गाडी येतेय. ते नळीनं प्राणवायू देतील, म्हणजे जरा लवकर निघेल."

त्र्यंबक हसला. लहान मुलाची समजूत काढावी तसं हसला.

"ते देहाचं झालं, महाराज. मी तिथं नव्हतोच. आज रात्री पुन्हा बसणार... आता अडवू नका."

दारात उभ्या दोघा गुरुबंधूंनी माना डोलावल्या.

महाराज उठून त्याच्या खोलीत गेले. परत आले ते पंच्यात काहीतरी गुंडाळून. त्र्यंबकाच्या पुढ्यात ठेवून त्यांनी पंचा उलगडला.

मठातली कबरी मांजर. ऊब मिळते म्हणून शेगडीला खेटून निजली होती, ती तशीच होती. डोळे मिटलेले. कुठं धडपड नाही, ओरखडा नाही.

त्र्यंबकानं तिला हात लावला आणि झटकन मागं घेतला. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

"महाराज, ही..."

"हिची समाधी तुझ्यापेक्षा पूर्ण झाली," महाराज म्हणाले. "पड हिच्या पाया."