मेंदूच्या देठातला झरा

"मग आनंद इथे नाही, तर कुठे आहे, सर?"

हेमांगी सुर्वेचं बोट प्रयोगशाळेतल्या पडद्यावर, उंदराच्या मेंदूच्या चित्रावर होतं. मेंदू जिथे निमुळता होत मणक्याकडे उतरतो, त्या देठात मधोमध हिरवे ठिपके चमकत होते. लोक ज्याला आनंदाचं रसायन म्हणतात, ते सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी. संख्येने थोड्याच, पण त्यांचे धागे साऱ्या मेंदूभर पसरलेले.

तिने त्यांना नावही देऊन टाकलं होतं, आनंदाचा झरा. दुपारच्या सभेत ती तेच जाहीर करणार होती.

तिचे मार्गदर्शक मुकादम सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. झरा उघडून दाखव, एवढंच म्हणाले.

तयारी होतीच. पेटीतल्या उंदराच्या डोक्यात केसासारखी बारीक काचेची तार बसवलेली होती. तिच्यातून निळा प्रकाश सोडला की त्या पेशी जाग्या होत. पेटीच्या भिंतीला एक भोक होतं. उंदीर त्यात नाक घालून थोडा थांबला की नळीतून खाऊची गोळी पडे. उशीर झाला की तो कंटाळून निघून जाई.

आता बघा कसा उड्या मारतो, असं म्हणत हेमांगीने बटण दाबलं.

उंदराने भोकात नाक घातलं.

सरांनी हात पुढे केला आणि नळी चिमटीत दाबून धरली. गोळी पडली नाही.

उंदीर तसाच उभा राहिला...

हेमांगीचा चेहरा पडला. तिने प्रकाश बंद केला. उंदीर लगेच पाठ फिरवून निघून गेला.

"पुन्हा लाव," सर म्हणाले.

पुन्हा प्रकाश. पुन्हा नाक भोकात. गोळी नाही. उंदीर मात्र जागचा हलेना...

हेमांगी वाकून बघू लागली. इतके महिने ती उडीच शोधत बसली होती.

"सर, तो वाट बघतोय," ती हळूच म्हणाली. "काहीच मिळालेलं नसताना."

तिला आता एक क्षण दम निघेना. सभेला अवकाश होता, पण ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. आत्ताच जाऊन सगळ्यांना सांगते, म्हणाली.

सरांनी नळीवरची चिमूट सोडली नव्हती.

"खाली बस," ते म्हणाले. "उंदीर अजून थांबलाय."