पाच पोथ्या आणि एक नदी

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली, त्याचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्यात डोंगराच्या कुशीत एक गाव होते. पिके घरात आली की तिथे मोहिमेचा डाव मांडत. धर्मशाळेच्या ओसरीवर एक मोठे कापड अंथरायचे. त्यावर डोंगर, वाटा, किल्ले, नद्या रंगवलेल्या. खेळणाऱ्यांपैकी प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे. कोणी सरदार व्हायचा, कोणी वैदू, कोणी चोर. कथेकरी प्रसंग सांगायचा, आणि आपण काय करणार हे ज्याचे त्याने सांगायचे. मग सहा कवड्या टाकायच्या. कवड्यांचे दान पाहून कथेकरी निकाल द्यायचा. निकाल द्यायचा मान फक्त कथेकऱ्याचा.

या गावचा कथेकरी भला माणूस होता, पण भित्रा. तरुणपणी त्याने एकदा चटकन निकाल दिला, तेव्हा एक गडी कापडावरून उठून गेला होता. "मनाला येईल ते सांगतोस," असे तो चारचौघांत म्हणाला आणि पुन्हा कधी खेळायला आला नाही. ते वाक्य कथेकऱ्याच्या काळजात रुतले. तेव्हापासून तो डावाच्या नियमांच्या पोथीत पाहिल्याशिवाय बोलेनासा झाला.

आता या डावाच्या पोथ्याही एकीसारखी दुसरी नव्हती. पहिली बारा पानांची. तिच्यात राहून गेले ते दुसरीत आले. दुसरीतल्या चुका दाखवायला कोणी तिसरी लिहिली. चौथी एवढी जाड की ती आणायला बैल जुंपावा लागला. कथेकऱ्याने चारही मिळवल्या. कोणता नियम कोठे बदलला, का बदलला, हे तो बोटाने ओळी लावून ताडून पाहत बसे.

डावातला एक गडी कासार होता. तो म्हणायचा, "चौथ्या पोथीत घोडा शिंकला तरी कवड्या टाकायच्या म्हणे! माझा सरदार गेल्या पंधरवड्यापासून रिकिबीत एक पाय घालून उभा आहे, कथेकरीबुवा. चढवा तरी, नाहीतर उतरवा तरी."

सगळे हसत. कथेकरीही हसे, आणि पान उलटे.

त्याची धाकटी बहीण त्याच डावात खेळायची. ती जन्मापासून पांगळी होती. ओसरीवर तिला उचलून आणावे लागे. तिने सोंग घेतले होते ते जासुदाचे. अकरा वर्षे तिचा जासूद त्या कापडावरून चालत होता. निरोप पोचवून आता तो घरी परतत होता. शेवटची नदी तेवढी राहिली होती. पलीकडच्या काठावर त्याचे घर रंगवलेले होते.

त्या वर्षी बहिणीला धाप लागू लागली. डावात वैदूचे सोंग घेणारा माणूस गावचा खराच वैद्य होता. त्याने कथेकऱ्याला बाजूला घेऊन सांगितले, "फार दिवस नाहीत. डाव उरकून घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीने कवड्या टाकल्या. चार उताण्या पडल्या, दोन पालथ्या.

"दादा, पोचला का रे माझा जासूद?"

कथेकऱ्याने पोथ्या उघडल्या. पहिलीत लिहिले होते, चार उताण्या म्हणजे पार. दुसरी म्हणत होती, पार, पण हातातले ओझे वाहून जाते. तिसरीत पोहणाऱ्याचा निकाल वेगळा, नावेत बसलेल्याचा वेगळा. चौथीत नाव मध्येच अडकत होती.

"पहिलीतलं धरा आणि मोकळे व्हा," कासार म्हणाला.

कथेकऱ्याला वाटले, पहिलीतले धरले तर लोक म्हणतील, बहीण म्हणून सोडले. हिने अकरा वर्षे वाट तुडवली. हिच्या पोचण्याला कोणी बोट लावता कामा नये. पाचवी पोथी दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका मठात होती. तिच्यात साऱ्या पोथ्यांचा मेळ घातला आहे, असे त्याने ऐकले होते.

"बाय, मला चार दिवस दे," तो म्हणाला. "पक्कं पाहून येतो."

"चार दिवस? दादा, नदी ओलांडायला एवढा वेळ लागतो होय?"

"आणि चुकीचं सांगितलं तर?"

"तर चुकीचा पोचेल. पण पोचेल ना?"

बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला. मग काठी घेऊन निघाला.

मठात पाचवी पोथी मिळाली. तिच्यात स्वच्छ लिहिले होते, चार उताण्या पडल्या तर पार. कथेकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. ती पोथी मागून घेऊन, छातीशी धरून तो पळत सुटला. परतीच्या वाटेत तो कोठेही बसला नाही.

तो पोचला तेव्हा बहिणीला नेऊन एक दिवस झाला होता.

ओसरीवर कापड तसेच अंथरलेले होते. कासार कडेला बसला होता. त्याने वर पाहिले नाही.

"विचारत होती," तो म्हणाला. "मला म्हणाली, तूच सांग, पोचला का. मी म्हटलं, ताई, ते माझ्या तोंडी शोभत नाही, कथेकरी सांगेल तेच खरं. मग म्हणाली, निदान पाणी किती आहे तेवढं तरी सांग." कासाराने कापडाची कड सरळ केली. "मी म्हटलं, तेही मला ठाऊक नाही."

कथेकरी कापडापाशी बसला. नदीवर बोट ठेवून मोठ्याने म्हणाला, "पोचला."



मग त्याचा हात सवयीने पोथ्यांकडे गेला. सोंग घेणारा गेल्यावर दिलेला निकाल धरतात की नाही, हे त्याला पाहायचे होते. त्याने पहिली पोथी उघडली, मग दुसरी, मग तिसरी. चौथी पाहिली, पाचवी पाहिली. जन्मभर ज्या चार पोथ्यांचा मेळ त्याला लागला नव्हता, त्यांत आणि पाचवीतही हे एक वाक्य अक्षरशः सारखे होते: ज्याचा निकाल त्याने ऐकला, तोच निकाल.

वैद्य म्हणाला, "मिटा आता." त्याने पोथ्या मिटल्या.

पुढे त्या गावात डाव मांडत राहिले. दुसरा कोणी कथेकरी झाला. पण त्या नदीपाशी आले की सरदार असो वा चोर, सगळे वाट वाकडी करून जात. तिथे कोणीतरी अजून पाण्यात उभे आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

म्हणून सांगतात, उत्तर अचूक आहे का हे ताडण्याआधी, विचारणाऱ्याजवळ वेळ किती उरला आहे ते पाहावे.