बदामीचं शाबूत अंग

जंगलातल्या सिंहा-कोल्ह्यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, बाळांनो. ही गोष्ट जंगलातली नाही. एका घराच्या परसात, चिकूच्या झाडाखाली, जाळीच्या पिंजऱ्यात चार गिनीपिग राहत असत, चौघीही माद्या. उंदराहून मोठ्या, सशाहून लहान, आणि शेपटीच्या नावाने शून्य. बसायचं ते अंगाला अंग लावून. एकटं राहायचं म्हणजे त्यांना मरणच वाटे.

त्यांतली जी थोरली, तिला एक वाईट खोड होती. गवत खाऊन झालं की दुसरीच्या पाठीवर तोंड टेकायचं आणि मुळापासून केस कुरतडायचे. काळीची पाठ तिने उघडी पाडली, ठिपकीची कूस उघडी पाडली. दोघी गरीब, दात लागले की नुसत्या कण्हत. चौथी होती बदामी. तिच्या केसालाही धक्का लागला नव्हता, कारण ती सदा थोरलीच्या पुढ्यात बसून हो ला हो करी. नुसती गप्प बसली असती, तरी एक वेळ चाललं असतं. पण थोरलीने काळीच्या मानेला तोंड लावलं की ही लगेच म्हणे, "अक्का उगाच कुणाच्या वाटेला जायच्या नाहीत. त्यांच्या आधी गवताला तोंड लावलंस ना? मग भोग आता." ठिपकी कण्हली, तर म्हणे, "केवढा तो आकांत! केसच आहेत, परत येतील." मनातून ती भ्यालेली होती, हे खरं. आज यांची पाळी, उद्या आपली, हे तिला रोज दिसत होतं. पण भीती वाटते म्हणून जीभ इतकी सैल सोडायचं काही कारण नव्हतं.

एके सकाळी मालकीणबाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी काळीला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "खरूज नाही ही. या आपसातच केस कुरतडतात. जिचं अंग शाबूत दिसेल, तिचाच हा उद्योग समजा. उद्या निवांत बघा आणि तिला वेगळं ठेवा." थोरली जाळीशीच बसली होती. तिने अक्षर न् अक्षर ऐकलं. बदामी तेव्हा मागच्या कोपऱ्यात ठिपकीला तिच्या चुका समजावून सांगत होती. तिच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही.

संध्याकाळी थोरलीने तिला जवळ बोलावलं. आवाजात नुसतं लोणी. "बदामे, या दोघी काय, परक्याच. माझी म्हणावी अशी तू एकटी. पाठीला कधीची खाज सुटलीय गं. जरा केस कमी करतेस? दुसऱ्या कुणाला मी पाठीला तोंड लावू देणार नाही." बदामीला स्वर्ग दोन बोटं उरला. तिने पडत्या फळाची आज्ञा घेतली आणि थोरलीची पाठ चांगली मोठी बोडकी करून दिली. काळी आणि ठिपकी ते बघत होत्या. बघून त्यांनी तोंडं फिरवली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई वाकून बघतात तो काय, तिघी बोडक्या आणि एकटी बदामी गुबगुबीत. तरी बाई विचारी होत्या. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी बदामीला उचलून काळी आणि ठिपकीच्या मधोमध ठेवलं. त्या तिला चिकटून बसतात की दूर पळतात, ते त्यांना बघायचं होतं.

बदामीला आता कुठे अंदाज आला. ती अंग चोरून काळीला म्हणाली, "सरक ना गं जवळ. नाहीतर नेतील मला. मी कधी दात लावलाय का तुला?"

"नाही लावलास," काळी म्हणाली. "पण अक्का लावत होत्या, तेव्हा तू काय काय बोलत होतीस ते ऐकत होतो आम्ही. दाताचं दुखणं चार दिवसांनी थांबायचं. तुझं बोलणं काही थांबत नव्हतं."

आणि दोघी उठून पलीकडच्या कडेला जाऊन बसल्या. "हिच्याजवळ बसायलासुद्धा घाबरतात बिचाऱ्या. हीच ती," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बदामीला बाहेर काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त बदामी काही संन्याशीण नव्हती.

काळीला आणि ठिपकीला त्या सकाळी फार बरं वाटलं. ते समाधान दुपारपर्यंत टिकलं. गवत संपल्यावर थोरलीने आळोखेपिळोखे दिले आणि ती सावकाश काळीच्या पाठीशी येऊन बसली. पाठ तिचीही बोडकी, तेव्हा तिच्यावर कुणाला संशय यायची भीतीही आता उरली नव्हती.

बदामीला न्हाणीघराच्या मागे एका खोक्यात ठेवलं होतं. गवत भरपूर, पाणी भरपूर. केसाला हात लावणारं कुणी नाही, आणि टेकायलाही कुणी नाही. थंडी पडली तशी ती खोक्याच्या फळीला अंग लावून बसू लागली, पण फळीला कुठली आलीय ऊब? शेजारपाजारची मुलं बघायला आली की मालकीणबाई सांगत, "दिसायला गोंडस आहे, पण महा चावरी. बोट घालू नका रे." मुलं लांब सरकत. बदामी ते ऐकत बसे. खरं काय ते सांगणारं तिथे कुणीच नव्हतं, आणि जिथे होतं तिथे कुणाला सांगायचं नव्हतं.

तात्पर्य एवढंच, बाळांनो : आपलं अंग वाचवण्यासाठी जो जुलमाची बाजू घेतो, त्याच्यावरच जुलमाचा आळ आला की खरं ठाऊक असलेलेसुद्धा त्याच्यासाठी तोंड उघडत नाहीत, आणि जुलूम मात्र जागच्या जागी राहतो.