बारावे लेकरू

श्री केवलनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी माळसावंगीस होता. गाव कापसाचे. दिवाळी सरली की सारे रान पांढरे होई आणि हातावर पोट असलेल्या बाया दिवस उगवायच्या आत वेचणीला निघत. पोरे बरोबरच. तान्ह्याची झोळी बाभळीला, रांगते मूल शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, आणि आईचे निम्मे लक्ष बोंडाकडे, निम्मे मागे. महाराज गावाबाहेरच्या जुन्या धर्मशाळेत उतरले होते. ओसरीवर बसून ते रोज ही रांग जाताना पाहत.

द्वारकाबाई पूर्वी त्याच रांगेतली. तरुणपणी तिचा एकुलता मुलगा धुऱ्यावर खेळता खेळता साप चावून गेला. ती तेव्हा चार ओळी पलीकडे कापूस वेचत होती. आता तिच्या पाठीला बाक आला होता, वेचणी होत नव्हती. एके दिवशी तिने महाराजांना विचारले की मला पोथी वाचता येत नाही, अभंग पाठ नाहीत, माझ्या हातून देवाची कोणती सेवा व्हावी? महाराज म्हणाले, "माय, उद्या त्या बायांना वाटेत थांबव. त्यांची लेकरं इथं ठेवून घे. आम्ही झाडलोट करतो, तू सांभाळ."

आया धजेनात. पहिल्या दिवशी दोनच मुले आली. पण ती दोन संध्याकाळी खेळून, जेवून, डोके विंचरून घरी गेली, तेव्हा बायांनीच हे काम मनावर घेतले. कोणी झोळीसाठी जुने लुगडे दिले, कोणी ज्वारीचे पीठ, एकीने शेळीचे दूध लावून दिले. रोज एक बाई आपली वेचणी सोडून पेज शिजवायला थांबू लागली. महाराज स्वतः अंगण झाडत, मुलांची नाके पुसत. बघता बघता अकरा मुले झाली.

गावात गणोजी पाटलांचे वजन मोठे. दरवर्षीचा नामसप्ताह तेच भरवत, त्यामुळे साधू कोण आणि भोंदू कोण हे आपल्यालाच कळते, असा त्यांचा समज होता. बाया त्यांच्याकडे विनंती घेऊन गेल्या. धर्मशाळेचे धाबे, मातीचे छत, जुने झाले आहे, वरून माती गळते, तुमचा नवा गोठा रिकामा आहे, तो दिवसापुरता मुलांना द्यावा. पाटलांनी चार लोकांदेखत द्वारकाबाईकडे बोट केले.

"जिला स्वतःचं एक पोर राखता आलं नाही, ती आता गावाची राखणार?"

लोक हसले. ती तशीच महाराजांकडे आली आणि म्हणाली की पाटलांचे खोटे नाही, तुम्ही दुसरी कोणी बघा.

महाराज म्हणाले, "तू दिवसातून दहा वेळा मुलं मोजतेस, माय. दुसरी कोण मोजेल?"

ती परत कामाला लागली.

पौषातली एक दुपार. मुले जेवून नुकतीच निजली होती, महाराज ओसरीवर डोळे मिटून बसले होते. पाटील दोन माणसांना घेऊन आले. सप्ताहाला बाहेरगावची मंडळी येणार, तेव्हा हा पोरांचा बाजार दोन दिवसांत उठवा, असे त्यांनी बजावले. महाराजांनी डोळे उघडले, पण पाटलांकडे पाहिले नाही.

"माय, मुलं बाहेर काढ. अंगणातल्या लिंबाखाली ने. आत्ता."

एवढ्या खटपटीने निजवलेली मुले! पण द्वारकाबाईने कारण विचारले नाही. तिने आणि पेज शिजवणाऱ्या सखूने एकेक मूल उचलून लिंबाखाली नेले. पाटील हसत म्हणाले, "बुवा, घाई कसली? मी दोन दिवस दिले होते."

द्वारकाबाईने मोजले. "झाली, महाराज. अकरा."

"बारा आहेत."

तिने पुन्हा मोजले. प्रत्येकाचे नाव घेतले, प्रत्येकाची आई आठवली. अकराच. बुवांना मोजताही येत नाही, असे पाटील सोबतच्यांना म्हणाले. द्वारकाबाईच्या मनाला लागले. मोजण्यात ती कधी चुकत नव्हती, आणि तेच महाराजांनी पाटलांसमोर खोटे पाडावे? क्षणभर ती तिथेच उभी राहिली. मग पदर खोचून आत गेली.

आत अंधार आणि रिकाम्या वाकळा. मानेवर वरून माती पडली. ती वळणार, तोच मागच्या दाराजवळ, रचलेल्या पोत्यांच्या आडून श्वास ऐकू आला. तिने पोते सारले. जरीच्या परकरातली एक तीन वर्षांची पोर मुटकुळे करून गाढ झोपली होती. तिला खांद्यावर घेऊन द्वारकाबाई उंबऱ्याबाहेर आली न आली, तोच वाळवीने खाल्लेली तुळई कडाडली आणि आतले धाबे खाली बसले. वाकळा, झोळ्या, पेजेचे भांडे, सारे मातीखाली गेले.

धुरळा निवळला, तेव्हा पाटलांना तिच्या खांद्यावरचा परकर दिसला. ती त्यांचीच नात होती, शेवंती. भल्यामोठ्या घरात तिच्यासोबत खेळायला कोणी नव्हते. सांभाळणारी बाई पेंगली की ती पोरांच्या आवाजामागे इकडे येई आणि मागच्या दाराने शिरून बसे. हे ना द्वारकाबाईला ठाऊक होते, ना घरच्यांना. ओसरीवर डोळे मिटून बसलेल्या महाराजांना मात्र ठाऊक होते.

"महाराज," म्हणत पाटील पुढे झाले. महाराज मागे सरले.

"आम्ही तर इथं बसूनच होतो. आत ती गेली."

पाटील वळले. त्यांनी तिला सांगितले की गोठा आजच उघडून देतो, शेणाने मी स्वतः सारवतो. मग डोक्यावरचे पागोटे काढून त्यांनी द्वारकाबाईच्या पायांवर कपाळ टेकवले आणि त्यांना हुंदका फुटला.

तिला मागे सरता येईना. एवढ्या गोंधळातही शेवंती जागी झाली नव्हती. तिच्या पाठीवर थोपटत द्वारकाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "हळू, पाटील. पोर उठंल."

पाटलांनी हुंदका गिळला आणि ते आवाज न करता तसेच वाकून राहिले.