बुडबुड्यांचं ॲव्हरेज

कराडच्या ट्रकमालक संघटनेचे अध्यक्ष भगवंतराव काचेची बाटली दाखवत बोलू लागले की ऐकणाऱ्याला गुंगीच यायची. पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे उठत आणि आपला ट्रक ढगासारखा तरंगत घाट चढताना दिसे. डिझेल वाचवणारं हे किट ते स्वतःच विकत. न घेणाऱ्याला मालाची भाडी मिळणार नाहीत, हेही गोडीतच सांगत.

विमलताई गुरवांचेही डोळे जडावले. पण त्यांचे तीन ट्रक भाड्यांवरच जगत होते. त्या म्हणाल्या, "आधी एका गाडीला लावून बघू."

"बघा की. इस्माईलभाई, ॲव्हरेज मोजणार आहोत बरं," अध्यक्षांनी ड्रायव्हरला बजावलं.

गाडी हुबळीला जाऊन आली. लिटरमागे अर्धा किलोमीटर जास्त भरला. भरसभेत भगवंतराव हसले. "ताई, पटलं ना आता?"

विमलताईंनी पर्समधून किटचा फ्यूज काढून टेबलावर ठेवला. "गाडी निघण्याआधीच मी हा काढला होता. वाटेत एकही बुडबुडा उठला नाही."

"मग डिझेल वाचलं कसं?"

"मोजणार म्हटल्यावर ड्रायव्हरचा ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका झाला. अध्यक्षसाहेब, ॲव्हरेज तुमच्या बोलण्यानंच वाढतं. किट घेऊन जा, बोलायला मात्र रोज येत जा."

सभा हसत सुटली, आणि भाडी अडवण्याची धमकी त्या हसण्यात अलगद विरून गेली.